कामट्या बांधलेला हात

मैत्रिणींनो, आज सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता पोलीस चौकीत हिराबाईची तक्रार अदखलपात्र ठरली. ती माझ्याकडे भांडी घासते. काल नवऱ्यानं तिचा हात मोडला. बावड्याच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून तो बांधला. आज तिच्यासोबत चौकीत मीही होते.

हवालदार म्हणाला, "प्लास्टर कुठं हाय? डॉक्टरचा दाखला न्हाय, म्हंजी साधी मारहाण. कोर्टाचा हुकूम आणा, मग तपास."

मी म्हणाले, "कामट्या काय हौसेनं बांधल्यात? सरकारी दवाखान्यात पाठवा. हाड मोडलं असेल तर गुन्हा दखलपात्र होतो."

"बाई, हितं शाळा न्हाय."

हिराबाई उठली. "चला बाई, म्हसरं उपाशी हायती." ती त्याच घरी गेली.

मला रागसुद्धा येत नाही. तिला तपासणीला का पाठवलं नाही, याचं लेखी उत्तर चौकीनं गुरुवारी दुपारी बारापर्यंत द्यावं. तोवर तिचा दुसरा हात शाबूत राहील का?