टाचणीबाई

आमच्या मॅडमच्या पांढऱ्या कोटाच्या कॉलरला टाचण्यांची रांग असायची. एका खिशात कापसाचा बोळा, दुसऱ्यात गुडघ्यावर ठोकायची रबरी हातोडी. प्रत्येक पेशंटला नवी टाचणी, वापरली की डब्यात. पेशंट त्यांना तोंडावरच टाचणीबाई म्हणत आणि त्या ओ देत. कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपीचा विभाग त्यांनी कितीतरी वर्षं सांभाळला. आज तिथं त्यांचं नाव कुणी घेत नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि आधीच सांगते, रागानेच लिहिते आहे.

कुणी दुखरा पाय पुढे केला की त्या चांगला पाय मागत. पेशंट वैतागायचा, "अवो, दुकतोय त्यो ह्यो न्हवं!" मॅडम शांतपणे त्याचा चांगला गुडघा वाकवून, ओढून, हलवून बघत. "चांगल्याला विचारल्याबिगर दुखऱ्याची साक्ष घ्यायची न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दोन्ही पायांचा फरक हाताला कळला की मगच त्या कागदाला पेन लावत.

आपल्याकडचा माणूस डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून सगळ्याला "व्हय व्हय" म्हणतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोळे झाकायला सांगून त्या कधी टाचणी लावत, कधी कापूस, आणि मधेच काहीच न लावता विचारत, "आता?" चंदगडचा एक धिप्पाड गडी डोळे मिटून ओरडला, "टोचतंय की, लई टोचतंय!" मॅडम म्हणाल्या, "पावणं, टाचणी अजून माझ्या कॉलरला हाय. खरं सांगा, न्हाईतर घरला जावा." सगळा हॉल हसला, तोही हसला. दुसऱ्या खेपेला मात्र त्याच्या पावलाची बधिर पट्टी बरोबर सापडली.

मग दवाखान्याचे नवे व्यवस्थापक आले आणि एका पेशंटला दहा मिनिटं असा नियम आला. दहा मिनिटांत काय होतं? चिठ्ठी वाचायची, शेकाचं मशीन लावायचं, बटण दाबायचं. पण तपासणीचा कागद भरलेला हवा, एकही रकाना मोकळा नको! हात लावायला वेळ द्यायचा नाही आणि हात लावल्याचा पुरावा मात्र मागायचा, याला काय म्हणावं? मॅडमच्या हाताखाली नव्याने लागलेल्या आम्ही फिजिओथेरपिस्ट मुलींनी यावर उपाय काढला. वरच्या रकान्यात 'नॉर्मल' लिहायचं आणि खाली शेवटपर्यंत रेघ ओढायची. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी माझा कागद माझ्यासमोर फाडला. "रेघंला कंबर असती का गं?" एवढंच म्हणाल्या. मी आठवडाभर नीट वागले.

त्यानंतरच्या एका सोमवारी राधानगरीकडची एक मावशी आली. दोन म्हशी, दुधाच्या किटल्या उचलून कंबर धरलेली, कळ दोन्ही पायांत. अशा वेळी पायाच्या टाचेमागे हातोडी मारून बघायची असते, टाचणी लावायची असते, आणि बैठकीची जागा बधिर वाटते का, लघवीचं कळतं का, हे विचारायचंच असतं. बाहेर गर्दी होती, पडदा अर्धा उघडा होता आणि मला लाज वाटली. मी 'नॉर्मल' लिहिलं, रेघ ओढली, सही केली आणि "सगळं ठीक आहे मावशी, गुरुवारी या," असं सांगून तिला शेक दिला.

गुरुवारी मावशीला मॅडमनी घेतलं, पडदा ओढला आणि चाळीस मिनिटं बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या थेट मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये. मणक्यात नसांचा झुबकाच दाबला गेला होता. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं, पण अशा दाबात एकेक तास मोलाचा असतो आणि तीन दिवस गेले होते. मावशी चालायला लागली, पण एक पाऊल ओढत, आणि लघवीचा ताबा पुरता आला नाही. मॅडम मला म्हणाल्या, "बाई असून बाईला विचारता आलं न्हाई तुला?"

मावशीच्या मुलानं दवाखान्यात आवाज केला. मग व्यवस्थापकांनी मीटिंग घेतली आणि माझा कागद टेबलावर आला. सोमवारी सगळं नॉर्मल होतं, म्हणजे गुरुवारी मॅडमनीच पाय नको तितका उचलला आणि त्यातून बिघडलं, असा यांचा निष्कर्ष! जिनं शोधून काढलं तिच्याच माथी मारलं. मला फक्त विचारलं, "ही सही तुमची का?" मी "हो" म्हणाले. पुढचं वाक्य मी बोलले नाही. मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कोट काढून खुर्चीवर ठेवला.

महिन्याभरानं मी खरं काय ते लिहून दिलं. त्यांनी तो कागद फाइलला लावला आणि मॅडमना काही बोलावलं नाही. याचा मला आजही संताप येतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचा आहे.

मॅडम पेठ वडगावला घरच्या पुढच्या खोलीत पेशंट बघत होत्या. मी तिथं जाऊन त्यांच्यासमोर रडले. त्या म्हणाल्या, "लिहून दिलंस, बरं केलंस. पण मला कशाला सांगतीस? माझी नोकरी गेली, कंबर शाबूत हाय. तिला जाऊन सांग."

एसटीनं मावशीच्या गावी गेले. मावशी गोठ्याबाहेर काठी घेऊन बसली होती, सून धार काढत होती. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे तू बगितलंच न्हवतंस?" मावशी म्हणाली. "आगं, बसायची जागा सोमवारीच बधिर झाल्ती. म्हटलं, शिकल्याली पोरगी हाय, तिनं बघून लिवलंय, मग आपल्यालाच खुळ्यागत वाटतंय. म्हणून तर तीन दिस कुणाला सांगितलं न्हाई."