दोन कार्ब्युरेटर आणि तायडेसाहेबांचे कान

श्री. भास्करराव तायडे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते डोळे मिटून उभे होते. सिंगापूरमधल्या तुआसच्या ज्या कारखान्यात जहाजांची इंजिने दुरुस्तीला येतात, तिथे तपासणी विभागात मी नुकतीच रुजू झाले होते. सकाळ होती. समुद्रावरचे धूसर ऊन पत्र्याच्या छपराखाली पसरले होते आणि त्या उजेडात एक सडपातळ गृहस्थ रबरी नळीचे एक टोक कानाला लावून, दुसरे टोक एका चालत्या इंजिनाजवळ फिरवत ऐकत होते. मी फॉर्म हातात धरून ताटकळले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, माझ्या ओळखपत्रावरचे नाव वाचले आणि सरळ मराठीत म्हणाले, "साळवी का? जेवणाच्या सुट्टीत बोलू या. आत्ता हा बोलतोय."

'हा' म्हणजे इंजिन, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

तायडेसाहेबांचे वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते. साहेब शिकले, इंजिनिअर झाले, सिंगापूरला आले आणि इथलेच झाले. बेडोकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कुसुमताईंच्या हातची शेवभाजी न खाल्लेला मराठी माणूस आमच्या वर्तुळात विरळाच. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात भाषणाला कुणी आग्रह केला, तर ते खुर्च्या मांडायला उठून जातात. आज त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त लिहिताना त्यांच्या कामाची यादी देण्यापेक्षा एका गाडीची हकिकत सांगावी, असे मला वाटते. त्या गाडीपाशी मी त्यांना खरे ओळखले.

हौगांगला मिस्टर कोह नावाचे निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाने एका जुन्या निळ्या अमेरिकन गाडीत शर्यतीचे इंजिन बसवले होते. त्या इंजिनावर टनेल रॅम होता, म्हणजे हवा आत नेणारी एक उंच पेटी, तिच्याखाली लांब सरळ नळ्या आणि तिच्या डोक्यावर शेजारी शेजारी, हवेत पेट्रोल मिसळणारे दोन कार्ब्युरेटर. शर्यतीत इंजिन भन्नाट फिरते, तेव्हा ही रचना अप्रतिम चालते. पण गावातल्या रस्त्यावर, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत, त्या मोठ्या पेटीत हवा रेंगाळते. तिच्यातले पेट्रोलचे तुषार खाली बसतात. पायाने अॅक्सिलरेटर दाबावा, तर गाडी घुसमटते, खोकते आणि चौकातच बंद पडते.

कोहसाहेबांची दृष्टी हळूहळू जात होती. काही महिन्यांत गाडी चालवणे सोडावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याआधी पत्नीला शेजारी बसवून हौगांगहून चांगीच्या किनाऱ्यापर्यंत एकदा जायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. दोन गॅरेजनी त्यांना सांगितले होते, ही पेटी काढा, साधा एक कार्ब्युरेटर लावा, गाडी मुकाट चालेल. त्यांना ते नको होते. कुणाकडून तरी तायडेसाहेबांचे नाव ऐकून ते गाडी घेऊन तुआसला आले. साहेब तेव्हा निवृत्त होऊन सल्लागार म्हणून येत असत. त्यांनी गाडीचे बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिले आणि विचारले, "हे सगळं भावानं स्वतः केलंय?"

"स्वतः. प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्क्रू."

"मग काही काढायचं नाही. शिकवू या त्याला रस्त्यावर चालायला."

कारखान्याच्या मालकांनी रविवारी एक कोपरा वापरू दिला. मी मदतीला येऊ का, असे विचारले, तर साहेब म्हणाले, "या. पण घाई घरी ठेवून या."

ते रविवार मला अजून एखाद्या लांब स्वप्नासारखे आठवतात. बाहेर जहाजे इतकी संथ सरकत की ती हलताहेत की आपण, ते कळत नसे. आत पेट्रोलचा गोडसर वास आणि साहेबांचा हलका आवाज. ते रबरी नळी आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरत, मग दुसऱ्याच्या. दोन्हींतून हवेचा सुस्कारा सारखाच ऐकू आला पाहिजे. एक जास्त ओढत असेल, तर स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा ऐकायचे. नळी माझ्याही कानाला लावत. "काय ऐकू येतं?" "शिंपला कानाला लावल्यासारखं." "दोन शिंपले आहेत. एक समुद्र ऐकू आला पाहिजे."

जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोंडे, बदलून झाली. पेडल दाबताक्षणी पेट्रोलची जी पिचकारी उडते, ती थोडी मोठी केली. ठिणगी जरा लवकर पडेल अशी व्यवस्था केली. इथल्या उकाड्यात कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळू नये म्हणून खाली जाड पट्ट्या घातल्या. पण एवढ्या जुन्या गाड्यांना इथे वर्षातून मोजकेच दिवस रस्त्यावर येऊ देतात. प्रत्येक चाचणीत एक दिवस खर्ची पडे आणि कोहसाहेबांचे डोळे आमच्यासाठी थांबणार नव्हते.

त्या धास्तीने माझ्या हातून चूक झाली. एका शनिवारी मी एकटीच गेले. इंटरनेटवर वाचले होते की कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट उघडबंद करणाऱ्या पितळी चकत्यांना बारीक भोके पाडली, की उभ्या गाडीचे इंजिन शांत होते. मी भोके पाडली. दोन्ही कार्ब्युरेटरमधल्या आठही चकत्यांना. इंजिन सुरू केले, तर ते बेफाम फिरू लागले, काही केल्या खाली येईना. त्या चकत्या कोहसाहेबांच्या भावाने हाताने कापलेल्या होत्या.

रविवारी मी साहेबांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. चकती उजेडात धरून म्हणाले, "एका कार्ब्युरेटरला हवा कमी पडते तेव्हाचा हा उपाय. इथे दोन आहेत. यांना हवा आधीच जास्त होते." मग म्हणाले, "चला, हौगांगला जाऊ."

"आज? मी नव्या चकत्या बनवून मग सांगते ना."

"गाडी त्यांची आहे. आधी त्यांना कळलं पाहिजे."

एमआरटी मेट्रोने तासाभराचा प्रवास करून आम्ही पोहोचलो. कोहसाहेबांनी दार उघडले. मी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात साहेब माझ्या शेजारी एक पाऊल पुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काम माझ्या देखरेखीखाली झालं. चूक माझी धरा." मी मान हलवून म्हणाले, "नाही, भोकं मी पाडली. न विचारता." कोहसाहेबांनी त्या चकत्या हातात घेतल्या, डोळ्यांच्या अगदी जवळ नेल्या, बोटांनी भोके चाचपली. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

मग कोहसाहेब हसले आणि अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाले, "माझा भाऊपण किती भोकं चुकीची पाडायचा, लाह! तसल्या चकत्या डबाभर पडल्यात अजून. या, चहा घ्या."

पुढचे चार रविवार साहेबांनी पितळी पत्र्यातून आठ नव्या चकत्या कापल्या. कड कानशीने घासायची, बसवून बघायची, उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायची. शेवटच्या दोन त्यांनी माझ्याकडून करून घेतल्या. माझी पहिली बिघडली, दुसरीही बिघडली. "पत्रा पुष्कळ आहे," एवढेच ते म्हणाले.

आणि एका सकाळी ती निळी गाडी हौगांगहून निघाली. कोहसाहेब चालवत होते, शेजारी त्यांच्या पत्नी, मागे साहेब आणि मी. पहिला सिग्नल लाल झाला. इंजिन मंद, एकसारखे घुमत राहिले. हिरवा झाला. कोहसाहेबांनी पाय दाबला आणि गाडी न अडखळता पुढे झेपावली. मिसेस कोह यांनी नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. दुसरा सिग्नल, तिसरा, बेडोकचा मोठा चौक. झाडांच्या सावल्या बॉनेटवरून वाहत होत्या. चांगीला पोहोचल्यावर कोहसाहेबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसून राहिले. साहेबांनी हळूच दार उघडले आणि मला खुणेने बाहेर बोलावले. आम्ही दोघे दूर जाऊन उभे राहिलो. गाडीतले ते दोघे बराच वेळ समुद्राकडे पाहत होते.

महिन्याभरात कोहसाहेबांनी गाडी चालवणे सोडले. आता त्यांची पुतणी चालवते आणि ते शेजारी बसून ऐकतात.

कामाबद्दलचा तायडेसाहेबांचा आग्रह मी इतरत्रही पाहिला आहे. संध्याकाळी निघायच्या जहाजाचा दाखला त्यांनी एकदा अडवून धरला होता, कारण इंजिन त्यांनी स्वतः ऐकले नव्हते. वरिष्ठ संतापले, पण जहाज दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. माझी आई पुण्यात रुग्णालयात होती, तेव्हा मला विमानात बसवेपर्यंत साहेब आणि कुसुमताई विमानतळावर थांबले आणि माझे त्या आठवड्याचे सगळे तपासणी अहवाल साहेबांनी पूर्ण केले. ते मला परत आल्यावर कळले, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

आज मी त्याच कारखान्यात तपासणी विभाग सांभाळते. कुणाच्या हातून काही बिघडले, की मी आधी ज्याचे काम आहे त्याच्याकडे जाते आणि ज्याच्या हातून बिघडले त्याच्या शेजारी उभी राहते. असे वागायला पुस्तकात शिकवत नाहीत. मला ते तायडेसाहेबांनी हौगांगच्या एका दारात शिकवले.

साहेब, पंच्याहत्तरी तुम्ही खुर्च्या मांडतच गाठलीत. यापुढे निदान एक खुर्ची स्वतःसाठी ठेवा. तुमची आणि कुसुमताईंची प्रकृती उत्तम राहो, हात असेच स्थिर आणि कान असेच तीक्ष्ण राहोत आणि शंभराव्या वाढदिवशीही आम्हाला तुमच्याकडे चुका कबूल करायला येता यावे, हीच मनापासून इच्छा.