आधी बंद कसं करायचं ते सांगा

पडदेवाल्या बाई आमच्या मैदानावर पहिल्यांदा आल्या त्या विमान उडवायला नव्हे, विमानाला कपडे चढवायला.

बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं पडद्यांचं दुकान. पुढे काउंटर, मागे शिलाई मशीन आणि माळ्यावर छतापर्यंत रचलेले कापडाचे तागे. नवऱ्याची बेकरी दोन दुकानं सोडून. तो रात्रभर भट्टीवर, या दिवसभर मशीनवर. "आमचा संसार जिन्यातच झाला," बाई हसून सांगायच्या. "मी उतरताना आणि हे चढताना."

आमच्या मैदानावर सगळ्यांत जुने उडवणारे म्हणजे निवृत्त पोस्टमन. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. रिमोटवर उडणारं त्यांचं मोठं विमान एकदा झुडपात घुसलं आणि पंखाचं कापड टराटरा फाटलं. दादा नवीन कापड शोधत बाईंच्या दुकानात गेले. बाईंनी पंख उलटासुलटा करून पाहिला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "हे चिकटवलंय कुणी? इतक्या सुरकुत्या तर माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर नव्हत्या. ठेवून जा."

सुट्टीच्या दिवशी त्या स्वतः पंख घेऊन आल्या. कापड ढोलासारखं ताणलेलं. दादांनी पंख जोडला, इंजिन सुरू केलं आणि विमान वर गेलं. बाई मान वर करून बघत राहिल्या. काही टाचायला म्हणून तोंडात धरलेली टाचणी विमान खाली येईपर्यंत तशीच ओठांत.

पुढच्या सुट्टीला त्या परत आल्या. आता फाटलेलं काही नव्हतं. "शिकवाल का?" एवढंच विचारलं.

सुरुवात थर्माकोलच्या बॅटरीवाल्या छोट्या विमानावर झाली. ते त्यांनी झाडावर अडकवलं, कुंपणावर आपटलं, एकदा माझ्या टोपीवरही उतरवलं. दर वेळी घरी नेऊन चिकटवायच्या आणि पुन्हा हजर. हिवाळा सरता सरता हात असा बसला, की दादांनी आपलं एक जुनं पेट्रोल इंजिन त्यांना देऊ केलं. बाईंनी त्याच्यासाठी मोठं विमान बांधलं, कापड अर्थातच स्वतः चढवलं आणि एका सकाळी ते मैदानावर आणलं.

दादा रंगात येऊन शिकवू लागले. चोक असा ओढायचा, पुढचा पंखा असा फिरवायचा, इंजिनाने पहिली उचकी दिली की चोक उघडायचा आणि पुन्हा फिरवायचा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ते कळलं. पण आधी बंद कसं करायचं ते सांगा."

आम्ही सगळे हसलो. दादाही हसले. "अहो बाई, लोकांना सुरू करायची घाई असते!"

"असू दे." बाईंनी डाव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. नखाच्या मधोमध एक जुनी रेघ होती. लहानपणी त्यांच्या घरी मोटरवालं शिलाई मशीन नवीनच आलं होतं. पायाखालचं पेडल अडकलं, मशीन थांबेना आणि सुई नखातून आरपार गेली. वायर कुठे लावलीय हेच त्यांना माहीत नव्हतं. शेवटी वडील आतल्या खोलीतून धावत आले आणि त्यांनी ती उपटली. "तेव्हापासून घरात साधा मिक्सर आला तरी मी आधी त्याचा स्विच बघते."

मग कुणी हसलं नाही. दादा म्हणाले, "सोपं आहे. रिमोटवरची ही दांडी पूर्ण खाली, शेजारचं हे बटणही खाली. कार्बोरेटरचं तोंड बंद. हवा मिळाली नाही की इंजिन गप्प."

"आणि दांडीपासून तिथवर जाणारी सळई निसटली तर?"

"तर विमानाच्या अंगावर स्विच आहे. तो पाडला की ठिणगी बंद."

"विमान आकाशात असेल तर? शिडी लावू?"

दादांनी डोकं खाजवलं. "टाकी संपेलच की कधीतरी."

"म्हणजे तोवर देवाच्या भरवशावर," बाई म्हणाल्या. त्या वाद घालत बसल्या नाहीत. विमान तसंच गाडीत घालून घरी घेऊन गेल्या.

परत आणलं तेव्हा त्यात काडेपेटीएवढी एक डबी बसली होती. रिमोटवरचं एक बटण दाबलं की ठिणगी तुटायची. रिमोटशी संपर्क तुटला तर इंजिन आपण होऊन बंद. शिवाय चोकलाही एक चिमुकली मोटर जोडलेली, म्हणजे डबी रुसली तर हवा कोंडून इंजिन बंद पाडता येईल. तारांची जोडणी बेकरीवाल्यांनी दुपारची झोप मोडून केली होती. दादांनी आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "एका इंजिनावर दोन दोन सासवा!"

झालं, विमानाचं नाव 'दोन सासवा' पडलं. बाईंनी ते पंखाखाली कापडात कापून चिकटवूनही टाकलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ती सकाळ आली. विमान दादांचं होतं आणि मागून शेपटीशी धरून बसलो होतो मी. दादांनी पंखा फिरवला, इंजिन लागलं आणि क्षणात पूर्ण जोराने किंचाळायला लागलं. सळई निसटली होती. दादा रिमोटची दांडी खाली ओढत होते, पण इंजिनाच्या गावीही नव्हतं. विमान माझ्या हातातून सुटायला बघत होतं. मी टाचा मातीत रोवल्या. सोडलं तर समोर उभ्या असलेल्या माणसांत जाणार हे मला दिसत होतं.

ठिणगीचा स्विच होता अगदी विमानाच्या नाकाशी, फिरत्या पंख्याच्या मागे जेमतेम वीतभर. ते तिकडे वाकले.

"दादा, हात मागे घ्या!"

एवढ्या मोठ्याने बाई ओरडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. दादा थबकले. तोवर बाई मागून, माझ्या खांद्याजवळून येऊन गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी विमानाच्या पाठीवरचं झाकण उचकटलं, टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी दोन बोटांत धरली, दुमडली आणि आवळली.

काही झालं नाही. इंजिन तसंच ओरडत राहिलं. आणि मग आवाज आणखीच चढला. मला वाटलं, संपलं, बाईंनी भलतंच काहीतरी केलं. बाईंचाही चेहरा पांढराफटक पडला होता. पण बोटं हलली नाहीत. इंजिन आणखी वरच्या पट्टीत गेलं, खोकलं, परत खोकलं आणि थांबलं.

मैदानापलीकडच्या घरांतलं कुत्रं भुंकताना ऐकू आलं.

"थांबायच्या आधी जास्तच ओरडतं का हो ते?" बाईंनी विचारलं.

दादा मातीतच बसले होते. "हो. पेट्रोल कमी पडलं, हवा जास्त झाली, की शेवटचा जोर काढतं. सांगायचं राहिलंच माझं." मग बाईंच्या हाताकडे बघून हळूच म्हणाले, "आता सोडा नळी."

"सोडते," बाई म्हणाल्या. पण बोटं उघडायला त्यांना जरा वेळच लागला.

मी नंतर विचारलं, नळी नेमकी कुठे आहे हे कसं ठाऊक? त्या म्हणाल्या, "कापड चढवताना आतलं सगळं दिसतं. आणि नळीच ती शेवटी. बागेतला पाइप दुमडला की पाणी थांबतंच ना?"

पुढच्या सुट्टीला दादा विमान काखेत मारून थेट बाईंच्या दुकानात शिरले. नाकाजवळचा स्विच काढून पंखाच्या मागे, हात सहज पोचेल असा बसवला होता. विमान काउंटरवर ठेवून म्हणाले, "मलाही एक सासू बसवून द्या."

"एकच?"

"सध्या एकच. घरी एक होतीच की आयुष्यभर."

आता आमच्याकडे नवीन कुणी आलं की दादाच त्याला बाईंकडे पाठवतात. बाई त्याला आधी स्विच दाखवतात, मग रिमोटचं बटण, मग चोक, मग नळी. सुरू करणं सगळ्यांत शेवटी. पोरंटोरं कंटाळतात, पण ऐकतात.

बाईंना स्वतःला मात्र या बंद करण्याची वेगळीच गोडी लागली आहे. विमान उंच नेतात, मैदानाच्या बरोबर वर आणतात आणि मुद्दाम बटण दाबून इंजिन बंद करतात. मग त्या भल्यामोठ्या विमानाला नुसत्या हवेवर, गिरक्या घेत, खाली आणतात. आम्ही आपापली कामं सोडून बघत उभे राहतो. चाकं गवतावर टेकेपर्यंत आवाज म्हणून नसतो.

गेल्या सुट्टीला बेकरीवाले आले होते. रात्रीची भट्टी उरकून तसेच, कोपरांना पीठ. खुर्चीत बसले आणि इंजिनाच्या त्या घरघराटात खुशाल झोपले. वर इंजिन बंद झालं आणि ते दचकून जागे झाले.

"काय गं, झालं?"

"अहो, थांबा. अजून खाली यायचंय."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. विमान उन्हातून वळण घेत होतं. "छान दिसतंय," ते म्हणाले आणि खुर्ची बाईंच्या जवळ ओढून बसले.