लॅक्टेटची चाचणी आणि माझा दुपट्टा

चोपन्नाव्या वर्षी मला एकवीस किलोमीटर पळायचं खूळ लागलं. मैदानावर मी चालणाऱ्यांच्या गटात होते, आणि तिथं पायांपेक्षा तोंडंच जास्त चालायची. मला पळणाऱ्यांत जायचं होतं.

आमची प्रशिक्षक नरखेडकडची, माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काकू, आधी रक्तातलं लॅक्टेट पाहू, मग ठरवू." ट्रेडमिलवर पळायचं, दर चार मिनिटांनी वेग वाढवायचा आणि प्रत्येक टप्प्याला बोट टोचून रक्ताचा थेंब छोट्याशा यंत्राला पाजायचा. आरामात पळताना आकडा एक-दोनच्या आसपास राहतो; शरीराला वेग झेपेनासा झाला की रक्तात लॅक्टेट साचतं आणि आकडा चारच्या वर उसळतो.

माझा दुसऱ्याच टप्प्याला उसळला. थेट नऊ! आणि मी तर तेव्हा तिला लोणच्याची कृती सांगत पळत होते. "सध्या चालणंच बरं, काकू," ती हळूच म्हणाली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? घरी नवरा म्हणाला, "वय झालं आता." मग रडू थांबलं आणि राग आला. पुढच्या शनिवारी मी पुन्हा तिच्यापुढे बोट धरलं.

या वेळी तिची नजर माझ्यावरच होती. पहिला टप्पा झाला. तिनं बोट स्पिरिटनं पुसलं, सुई घ्यायला हात लांबवला, आणि मी ते ओलं बोट गळ्यातल्या दुपट्ट्याला पुसलं. नागपुरात दुपट्टा ऊन अडवतो, तोंड झाकतो, घाम टिपतो. हात आपोआपच तिकडे जातो.

"अवं काकू! काय करून राहिल्या? घामात लॅक्टेट लय असते! तोच थेंबात मिसळला अन् आकडा वर गेला. मागच्या वेळी मी पाहिलंच नाही, चूक माहीच."

दुपट्टा खुंटीवर गेला. तिनं बोट पुन्हा पुसून कोरडं केलं, पहिला थेंब टिपून टाकला, दुसरा यंत्राला दिला. दीड. पुढच्या टप्प्याला पुन्हा दीड. मग दोन. पाचव्या टप्प्यालाही तीनच्या आत! मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या सायकलवरचे काका दचकले.

"थांबू का?" मी विचारलं.

"काहून? मी कुठं थांबा म्हटलं?" तिनं वेगाचं बटण दाबलं. थांब म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटले होते, वाढव म्हणणारी ही पहिलीच. मी धापा टाकत, हसत पळत राहिले.