चिमीची दही-साखर

परवा नेरूळला लेकीकडे होते. तिच्या मांजरीचं, गुड्डीचं, नसबंदीचं ऑपरेशन होतं आणि लेक नेमकी ऑफिसात अडकली. म्हटलं, मी नेते... त्यात काय एवढं!

क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, आजी, सकाळपासून पोटात काही गेलं नाही ना? नाही, पाणीसुद्धा नाही, रात्रीच सगळ्या वाट्या उचलून ठेवल्यात, असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्या पोरीला वाटलं असेल, म्हातारी भलतीच घाबरट दिसते.

तिला काय सांगणार... ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी वाशीला आले तेव्हा नव्या कोऱ्या बिल्डिंगी, मधे नुसती मोकळी जागा आणि तिन्हीसांजेला खाडीवरून येणारे डास. बिल्डिंगखालची एक तपकिरी कुत्री माझ्या मागे मागे जिना चढून आली आणि आमच्या दारातल्या पायपुसण्यावर कायमची राहिली. तीच चिमी.

सासूबाईंना ती बिलकूल खपायची नाही. कोकणातली कडक बाई! चिमीने उंबऱ्याच्या आत पाय टाकला की झाडू घेऊन उठायच्या. तिला पोळीचा तुकडा मीच घालायचा, त्यांनी कधी स्वतःच्या हाताने काही दिलं नाही. "तुझी ती भवानी" म्हणायच्या, नाव घ्यायच्या नाहीत.

मग चिमी व्याली. पिल्लांचे डोळे उघडतात न उघडतात तोच बिल्डिंगमधल्या कुणीतरी ती पोत्यात भरली आणि खाडीपलीकडे नेऊन सोडली. दुधाने तटतटलेले सड घेऊन चिमी जिन्याखाली हुंगत फिरायची, रडायची... त्या दिवशी सासूबाई अर्ध्या ताटावरून उठल्या.

मी ठरवलं, पुन्हा ही वेळ तिच्यावर येऊ द्यायची नाही. पनवेलला एक जनावरांचे डॉक्टर होते, गाई-म्हशींचेच जास्त, पण कुत्रीचं हे ऑपरेशनही करायचे. शेजारीपाजारी हसले... आता कुत्र्यांचंही कुटुंबनियोजन का, म्हणून यांची खेचायचे. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. मुक्या जिवाची कूस काढून टाकताय, हे काही बरं नाही म्हणाल्या.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घरात सगळ्यांना सांगितलं आणि तिला उपाशी ठेवलं. शेजारच्या सरदारजींचा टेम्पो रोज कळंबोलीच्या लोखंड बाजारात जायचा, ते आम्हाला पुढे पनवेलपर्यंत सोडणार होते. सकाळी मी खाली जाऊन टेम्पोत जुनी चादर अंथरून आले, तर चिमी दारात जिभल्या चाटत उभी. सासूबाई नळाखाली वाटी विसळत होत्या. माझ्या डोक्यात काही आलंच नाही.

डॉक्टरांनी विचारलं, पोट रिकामं आहे ना? मी छातीठोक हो म्हटलं.

बऱ्याच वेळाने ते हात पुसत बाहेर आले. ऑपरेशन झालं होतं, पण भुलीत असताना तिला उलटी झाली, थोडं श्वासनळीत गेलं, म्हणाले. दह्यासारखं काहीतरी होतं. मी त्यांच्याशी भांडले हो... शक्यच नाही म्हटलं, माझी कुत्री उपाशी होती.

घरी आणलं. पोटाला जुन्या परकराची पट्टी बांधली. आणि काय आश्चर्य, सासूबाईंनी स्वतःच्या गादीशेजारी गोधडी घालून तिला आत घेतलं. टाके छान भरत होते, पण छातीतली घरघर काही थांबेना. डॉक्टरांची इंजेक्शनं चालू होती, तरी रोज ती आणखीच मलूल दिसायची.

एका संध्याकाळी मी यांच्यापाशी डॉक्टरांवर तोंडसुख घेत होते. म्हणे दही होतं पोटात! स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलतात, म्हटलं. सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मीच दिली होती... दही-साखर. घरातलं माणूस मोठ्या कामाला निघालं की देतोच ना आपण? आधी तळहातावर दिली, तिला आवडली, मग वाटीच ठेवली पुढे. ते काय जेवण असतं का गं?"

जिला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, तिला त्या सकाळी त्यांनी घरातलं माणूस मानलं होतं... आणि नेमकं तेच तिच्या जिवावर बेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिमी गेली. डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. त्या तिला "चिमे, चिमे" म्हणून हाका मारत होत्या, पहिल्यांदाच नावाने.

त्यानंतर सासूबाईंनी कुणाच्याही हातावर दही-साखर ठेवली नाही. लेकीच्या दहावीच्या पेपरला मला म्हणाल्या, तू दे, माझा हात नको. आई, तुम्ही मायेनेच दिलं होतंत, असं मी कितीदा सांगितलं... त्या मान हलवायच्या, पण पटलं कधीच नाही. जाईपर्यंत ते मनात घेऊनच राहिल्या बिचाऱ्या.

परवा गुड्डी छान शुद्धीवर आली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, बोटभर दही चालेल का? चालेल म्हणाल्या, बिनसाखरेचं. मी बोट पुढे केलं आणि तिने खरखरीत जिभेने ते हळूहळू चाटून पुसलं. माझे डोळे वाहत होते. "आई, ही आली हो घरी," मी म्हटलं.

लेक दारात उभी होती. कुणाशी बोलतेस गं, म्हणाली.

म्हटलं, तुझ्या आजीशी... तिला कळवायला नको?