डी-ओ-यू-जी-एच म्हणजे डफ

माझ्या घरात एक डफ आहे, आणि त्याला इंग्रजी भाषा जबाबदार आहे.

शाळेत आमच्या इंग्रजीच्या सरांनी नियम घालून दिला होता. "शब्दाच्या शेवटी ओ-यू-जी-एच आलं की फ म्हणायचं. विचार करायचा नाही!" मी केला नाही. टफ, रफ, इनफ, कफ (हा तर आपलाच शब्द, साहेबानं उचलला असणार!). पुढे पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, तिथंही नियम मोडला नाही. 'थ्रू प्रॉपर चॅनेल'मधला थ्रू म्हणाल, तर तो सरकारी. सरकारी गोष्टींना नियम लागू नसतात!

रिटायर झालो आणि वर्षभरात प्रमिला, माझी बायको, गेली. तेव्हापासून गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मी आणि टीव्ही असे दोघं राहतो. बोलतो तो एकटाच. जेवणाचा डबा बाहेरून येतो. डबेवाला बेल वाजवतो, डबा ठेवतो आणि मी दार उघडेपर्यंत जिना उतरलेला असतो. एकदा दोन शब्द बोलायला मिळतील म्हणून आधीच दार उघडून उभा राहिलो, तर बिचारा केवढ्यानं दचकला!

अशात अमेरिकेहून मिलिंदची, माझ्या मुलाची, ईमेल आली. ती वाचायला मी सायबर कॅफेत जातो. सून सायली आणि पाच वर्षांचा ईशान यांना घेऊन तो दिवाळीला येणार होता. नातवाला मी प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. फोनवर तो "हाय आबा" म्हणायचा आणि पळायचा. एकदा तरी आपणहून माझ्याजवळ येऊन बसावा, बाकी मला काही नको होतं.

मिलिंदनं लिहिलं होतं, ईशान नव्या जागी बुजतो, कोणाकडे जात नाही. 'प्ले' आणि पुढे डी-ओ-यू-जी-एच असलं की मात्र रमतो. तेवढं घरात आणून ठेवा.

मी विचार केला नाही. डफ! प्ले डफ! डफ वाजवणे! अमेरिकेत राहून पोराला डफाची गोडी लागली, या कल्पनेनं मला तिथं कॅफेतच गहिवरून आलं.

द्वारका चौकाच्या पुढे वाद्यांचं एक दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदार वणीकडचा.

"पवाड्याला पायजे का गोंधळाला?"

"नातवाला. अमेरिकेतून येतोय."

"मंग मोठाच घ्या. आवाज लय लांब जातो!" (अमेरिकेपर्यंत जावा, असा बहुधा त्याचा हिशेब.)

नातू वाजवणार आणि आजोबा नुसते बघत बसणार? छे! मी सराव सुरू केला. थोड्याच दिवसांत खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी धापा टाकत वर आल्या.

"कोण गेलं हो?"

"कोणी नाही. नातू यायचाय."

"अगंबाई! मी मघापासून खाली माणसं गोळा करतेय!"

खिडकीतून पाहिलं तर सोसायटीतली चार मंडळी खरंच गंभीर चेहऱ्यानं उभी होती. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतकी माणसं माझ्यासाठी बऱ्याच दिवसांत जमली नव्हती.

दिवाळीला मिलिंदची मंडळी आली. ईशान आईच्या ओढणीमागे. मी म्हटलं, हाच मुहूर्त! आतून डफ आणला, "ईशान, प्ले डफ!" असं ओरडलो आणि अशी थाप मारली की पोरगं किंचाळत सोफ्यामागे गेलं. ते बाहेरच येईना!

"बाबा, हे काय?" मिलिंद ओरडला.

"अरे, तूच लिहिलंस! डी-ओ-यू-जी-एच!"

सायली पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखी खाली वाकून हसली. "बाबा, ते डो. डो म्हणजे कणीक! मुलं खेळतात ना, तसला मऊ गोळा."

"मग आत्ता मळू," मी म्हणालो.

"पीठ कुठंय?"

पिठाचा डबा उघडला. आत दोन बल्ब आणि फ्यूजची तार! प्रमिला गेल्यापासून या घरात कणीक मळलीच गेली नव्हती. घरभर डफ घुमत होता आणि चिमूटभर पीठ नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. चपला अडकवल्या आणि धावत किराणा दुकान गाठलं.

सायली "मी मळते" म्हणत होती, मी ऐकलं नाही. परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं. फार झालं. पीठ घातलं. पाणी कमी पडलं. शेवटी कोपरापर्यंत दोन्ही हात असे लडबडले की नाक खाजवायची सोय उरली नाही. तेवढ्यात सोफ्यामागून खुदकन हसू आलं.

"आबा हॅज मॉन्स्टर हँड्स!"

तो आला. माझ्या मांडीला टेकून बसला आणि माझ्या बोटांची कणीक सोलायला लागला. मी हात तसेच पुढे धरून बसलो. त्यानं एक हत्ती केला, मग सोंड तुटली म्हणून त्याची म्हैस केली.

"इनफ?" मी विचारलं. (एवढा एक शब्द माझ्या खात्रीचा.)

"नॉट इनफ!"

मग काय, ते असेपर्यंत रोज परात निघायची. डफावर आम्ही कणकेची जनावरं वाळत घालायचो.

ते गेले. आता डबा मी एकाच वेळचा घेतो. सकाळी स्वतः कणीक मळतो, एकट्यापुरती काही जमत नाही. उरते, तिची म्हैस करतो.

परवा फोनवर ईशान "हाय आबा"वर थांबला नाही. "आबा, डिड यू प्ले डो टुडे?" म्हणाला. मी 'येस' म्हणायला गेलो आणि आधी नाकच ओढलं.

"आबा, आर यू क्रायिंग?"

"नो, नो," मी खाकरलो. "कफ!"

ओ-यू-जी-एचचा उच्चार अगदी साहेबासारखा झाला. अर्थ तेवढा खोटा होता.