पेच्चीअक्का बोलू लागली

श्रीलंकेतल्या हटनहून वर चढत गेलं की आमचा चहाचा मळा लागतो. तिथे पेच्चीअम्माने, म्हणजे आमच्या पेच्चीअक्काने, बावीस वर्षं पाला खुडला. पावसाळ्यात एकदा पाठीवरच्या टोपलीसकट ती उतारावरून घसरली आणि तिचा उजवा खांदा कायमचा गेला. हात कानाच्या वर जाईना. अशा बाईला पाल्यावर ठेवून उपयोग नव्हता, म्हणून मुकादमाने तिला मुलांच्या खोलीवर टाकलं.

आया पाल्यावर गेल्या की त्यांची तान्ही आणि रांगती मुलं या खोलीत राहत. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, आढ्याला टांगलेल्या जुन्या साड्यांच्या झोळ्या. अकरा मुलं आणि एक बाई. पेच्चीअम्माने पहिल्याच महिन्यात एक युक्ती केली. सगळ्या झोळ्यांना दोऱ्या बांधून त्या एकाच दोरीला जोडल्या आणि ती दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली. बसल्या जागी अकराही झोळ्या हलायच्या. दहा वाजता आया पाजायला येत आणि लगेच परत जात. एरवी खोलीत चिटपाखरू नसल्यासारखं असे.

मी पाला तोलायच्या काट्यावर होतो आणि काटा त्या खोलीला लागूनच होता. मुकादम इतर मळ्यांच्या मुकादमांना ही खोली दाखवायला आणायचा. "ऐका," म्हणायचा, "ऐकू येतंय काही?" काहीच ऐकू यायचं नाही.

ती मुळातच कमी बोलणारी. आमच्या तमिळ भाषेत पेच्चु म्हणजे बोलणं, त्यामुळे बायका तिची थट्टा करायच्या. "आईबापाने नाव ठेवलं आणि तेवढ्यात सगळं बोलून झालं वाटतं हिचं!" ती हसायचीसुद्धा नाही.

खोलीवर तिला चार वर्षं झाली आणि शहरातून वासुकी नावाची एक तरुण बाई आली. मळ्यामळ्यांतल्या मुलांच्या खोल्या बघायचं तिचं काम होतं. ती दिवसभर कोपऱ्यात बसून राहिली. संध्याकाळी तिने विचारलं, "अक्का, आज तुम्ही मुलांशी किती बोललात?"

"कशाला बोलू? ती काय उत्तर देणारेत?"

वासुकीने कौसल्येला झोळीतून काढून जमिनीवर बसवलं. कौसल्या दोन वर्षांची, कवात्याच्या, म्हणजे चहाची झुडपं छाटणाऱ्या टोळीतल्या सुडलैची मुलगी. ठेवली तिथे बसून राहिली. वासुकीने तिच्या पाठीमागे टाळी वाजवली, तशी तिने वळून बघितलं. म्हणजे कानाला ऐकू येत होतं. पण समोर ठेवलेल्या डब्याला तिने हात लावला नाही, की तोंडातून आवाज काढला नाही.

"ही माझी सगळ्यांत गुणी पोर," पेच्चीअक्का म्हणाली.

"हिच्याशी कुणी बोलतं का?"

पेच्चीअक्काने कौसल्येला उचलून परत झोळीत ठेवलं. वासुकी तिच्यावर रागावली नाही, पण दुसऱ्या महिन्यात दहा दिवसांच्या शिक्षणासाठी अक्काचं नाव यादीत आलं. "या वयात मला बाळगाणी शिकवणार," असं मला म्हणून ती बसमध्ये चढली.

परत आली तेव्हा बोलायचं कसं हे तिला कळलं होतं, पण काय बोलायचं ते सुचत नव्हतं. पहिले दोन दिवस तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी मुलांच्या पेजेसाठी तांदूळ निवडताना तिने सुरुवात केली. "हा तांदूळ. हा दगड. हा आणखी एक दगड. तो कोठारवाला मेला, तांदूळ देतो की खडी? हा बघ, केवढा!" आणि तिने वर पाहिलं तर सहा-सात तोंडं तिच्याकडे वळलेली होती.

मग झोळ्या उतरल्या. अगदी तान्ह्यांच्या तेवढ्या राहिल्या, बाकीची मुलं जमिनीवर आली. रिकामे डबे, लाकडाचे तुकडे, मक्याची कणसं असं काही ना काही तिने जमवलं. आता काट्यावर आकडा ओरडून सांगावा लागे, इतका त्या खोलीत गोंगाट.

"हा बाजार कसला मांडलाय?" मुकादम दारात उभा राहून ओरडला.

"मुलं आहेत," ती आतून म्हणाली.

आयाही कुरकुरायला लागल्या. दुपारी झोप होत नाही म्हणून मुलं घरी किरकिरतात, कपडे मळतात. त्यातच कौसल्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिच्या कपाळाला खोक पडली. सुडलैला कळलं. छाटणीचा कोयता लागून त्याचा पाय जायबंदी झालेला, चार दिवस कामाला सुट्टी. तसाच लंगडत आला.

"मूल सांभाळायला ठेवतो आम्ही, अक्का. फोडायला नाही."

"पडली कारण चालायला गेली," पेच्चीअक्का म्हणाली. "दोन वर्षांत कधी पडली होती का? झोळीतून कुठे पडणार? मीच टांगून ठेवली होती." आवाज चढला होता तिचा. तिला पुरुषमाणसाला असं उलटून बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "तुला चार दिवस काम नाही ना? बस इथे. मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे."

तो बसला. मला वाटतं, दुखऱ्या पायाने पुन्हा चढ चढायचा कंटाळा हेही एक कारण असावं. बराच वेळ गेल्यावर कौसल्येने एक डबा आणून त्याच्या मांडीवर ठेवला. तो डब्याकडे बघत राहिला.

"आता काय करू?"

"तिला परत दे. 'घे' म्हण."

"घे."

तिने घेतला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. त्या दिवशी सुडलैने निदान चाळीस वेळा "घे" म्हटलं असेल. काट्यावरच्या बायका त्याला हसत होत्या. "सुडलैण्णा, पाल्यावर कधी येताय? साडी देऊ का नेसायला?" तो मान वर करत नव्हता. दुसऱ्या दिवशी आपणहून आला, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही.

पोर लगेच बोलली नाही. महिना-दीड महिना गेला. मग एका संध्याकाळी घरी जेवताना तिने आईच्या ताटातल्या भाताकडे बोट दाखवलं आणि स्पष्ट म्हणाली, "दगड."

तिच्या आईला राग आला. माझ्या भातात दगड असतात हे हिला कुणी शिकवलं, म्हणून सकाळी तणतणत खोलीवर आली. पेच्चीअक्काने ऐकून घेतलं, आणि मग इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आईलाही हसू आवरेना, मग दोघी तिथेच रडल्या.

त्यानंतरच्या रविवारी सुडलै आणि आणखी तीन बाप छाटलेल्या लाकडांचं बुटकं कुंपण घालून गेले. आत वाळू टाकली. मारियम्मनच्या देवळात आयांची बैठक झाली आणि दहाच्या सुट्टीत मुलांजवळ थोडं जास्त बसू द्या, अशी मागणी निघाली. मुकादम म्हणाला, पाला तुमची वाट बघत थांबत नाही. बायका तरी दोन महिने मागेच लागल्या, शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळाली. सुडलै आमच्यात पहिला बाप, जो संध्याकाळी पोरीला खांद्यावर घेऊन वाटेतल्या प्रत्येक गोष्टीचं नाव सांगत जायचा. बाकीचे आधी हसले. मग हसणं कमी झालं.

पेच्चीअक्काचा मुलगा लिंगेसन कोलंबोत हॉटेलात कामाला होता. पोंगलच्या सणाला आला तेव्हा आईचं तोंड मिटेना हे पाहून गांगरला. मी त्यांच्या ओट्यावर चहा घेत होतो. ती एकदम म्हणाली, "तुझ्याशी मी बोललेच नाही रे लहानपणी."

"दमून यायचीस तू, अम्मा."

"दमलेलं माणूसही बोलतं."

त्याने तिचा कप पुन्हा भरला. मग हॉटेलात सांबाराला किती चिंच लागते, असं तिने विचारलं आणि तो सांगत बसला.

कौसल्या शाळेत गेली. बोलताना अडखळायची, अजूनही घाई झाली की अडखळते. अभ्यासात बेताची, पण दहावीपर्यंत पोचली. आता आमच्याच मळ्याच्या दवाखान्यात मुलांची वजनं घेते.

पेच्चीअक्का साठीला निवृत्त झाली. नातू झाला म्हणून लिंगेसन तिला कोलंबोला घेऊन गेला. तीन महिने राहिली आणि परत आली. मी कारण विचारलं.

"नातू चांगला आहे. सून चांगली आहे," ती म्हणाली. "पण त्या इमारतीत सगळे दारं लावून बसतात. एकटा नातू किती ऐकणार?"